अबिलियूचा वासंतिक तक्ता

बैठकीला उशिरा गेलं की काम गळ्यात पडतं, हे अबिलियू फ्रागोझूला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो वीस मिनिटं आधीच गेला. काम तरीही त्याच्याच गळ्यात पडलं. बाकीचे सगळे अर्ध्या तासाने उगवले, तोवर याने रिकामं बसवेना म्हणून खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. ज्याने खुर्च्या मांडल्या त्याच्याकडे वेळ आहे, असा आल्कोरेगाच्या परस्पर करमणूक मंडळाचा अलिखित कायदा आहे.

काम तसं एका कागदाचं होतं. वसंत आला की आल्कोरेगात कार्यक्रमांना ऊत येतो. पंचवीस एप्रिलला हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतीचा वाढदिवस, एक मेला कामगारांची मिरवणूक, मधल्या शनिवार-रविवारी कुणी झाडं लावतं, कुणी नदीकाठचं प्लॅस्टिक वेचतं, कुणी घरभाड्याविरुद्ध सभा घेतं. प्रत्येकाचा कागद वेगळा, प्रत्येकाचा गोंद वेगळा. गेल्या वर्षी बसचालकांची संपाची सभा आणि रोपवाटप एकाच सभागृहात, एकाच वेळी लागलं. अर्ध्या खोलीत ठराव मांडला जात होता आणि अर्ध्या खोलीत रोपांना पाणी घातलं जात होतं. बसचालकांनी संप मागे घेतला तो पाय ओले झाले म्हणून, असं अजून बोललं जातं.

तेव्हा या वर्षी सगळ्यांचा मिळून एकच तक्ता करायचा ठरलं. चार रकाने: तारीख, वेळ, कार्यक्रम, ठिकाण.

"चार रकाने म्हणजे काय, अबिलियूच्या डाव्या हातचा मळ," युनियनवाला झेफेरिनू म्हणाला. "जमीन-नोंदणीत चौतीस वर्षं काढलीत त्याने. एक चूक नाही."

हे खरं होतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हेच सांगितलं होतं आणि मग उरलेला अर्धा तास कचेरीच्या नव्या छपराविषयी भाषण केलं होतं. त्या दिवसापासून दीड वर्ष अबिलियूला कुणी काही विचारलेलं नव्हतं. घरात बायको, देओलिंदा, विचारायची, पण ती कचरा खाली नेलास का असं विचारायची. म्हणून त्याने चेहरा होता होईल तेवढा अनिच्छेचा ठेवला आणि हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गळ्यात टाय बांधला, स्वयंपाकघरातल्या टेबलावरची फळांची परडी हलवली आणि संगणक मांडला.

"टाय कशाला?" देओलिंदाने विचारलं.

"काम आहे."

"मग फळं कुठे ठेवू?"

अबिलियूने नोंदणीच्या शिस्तीने परडी 'इतर' या सदरात, म्हणजे खिडकीत, ठेवली.

पहिले तीन दिवस सुरळीत गेले. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपाशी मात्र गाडी रुतली. त्या दिवशी सकाळी दहा वाजता दोन कार्यक्रम होते. एक झेफेरिनूचा. इस्पितळांच्या चादरी धुणारी जी मोठी लाँड्री गावाबाहेर आहे, तिच्या इस्त्रीच्या दालनात पंखे बंद पडून वर्ष झालं होतं. एप्रिलमध्येच दोन बायका चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यांच्यासाठी फाटकासमोर निदर्शनं. दुसरा कार्यक्रम इरियाचा. इरिया शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ गुडघाभर चिखलात उभी असायची. खाडीच्या दलदलीवर भराव घालून मोटारी उभ्या करायला जागा करायची, असं नगरपालिकेच्या मनात होतं. त्या दिवशीच्या मोजणीत दोनशेच्या वर फ्लेमिंगो दिसले तर दलदलीला संरक्षण मिळणार होतं. कमी भरले तर मोटारी. राजधानीतून एक पक्षितज्ज्ञ डॉक्टर मुद्दाम येणार होते.

तारीख तीच, वेळ तीच. मग वर कोण आणि खाली कोण?

"कामगार वर," झेफेरिनू म्हणाला. तो कॉर्क कारखान्याच्या युनियनचा जुना पुढारी. वय एकाहत्तर, आवाज पंचविशीतला. "यात चर्चा कसली?"

"पक्षी माणसांच्या आधीपासून आहेत इथे," इरिया म्हणाली.

"पक्ष्यांनी कधी संप केलाय?"

"नाही पटलं की उडून जातात. तुमच्यासारखे तीन तास ठराव वाचत नाहीत."

अबिलियूने नाणेफेक सुचवली. "कामगारांच्या प्रश्नावर नाणेफेक?" असं झेफेरिनूने इतक्या हळू आवाजात विचारलं की अबिलियूने नाणं खिशात घातलं आणि हातही खिशातच ठेवला. मग दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी घरी यायचं, कॉफी प्यायचं, आणि ओळी वरखाली व्हायच्या. सोमवारी कामगार वर, बुधवारी फ्लेमिंगो वर, शुक्रवारी पुन्हा कामगार.

या धामधुमीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोना कुस्तोदिया येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं, त्या शनिवारी दुपारी मंडळाच्या अंगणात त्यांच्या हातच्या गोगलगायींचं जेवण असतं, ते तक्त्यात का नाही?

"दोना कुस्तोदिया, हा चळवळींचा तक्ता आहे. गोगलगायी ही चळवळ नाही."

"माझ्याकडे साठ माणसं येतात," दोना कुस्तोदिया शांतपणे म्हणाल्या. "झेफेरिनूच्या सभेला किती येतात ते तुम्ही मोजता की मी सांगू?"

गोगलगायी तक्त्यात गेल्या. जाता जाता दोना कुस्तोदियांनी सल्ला दिला की कडेने क्रांतीची खूण म्हणून लाल कार्नेशन फुलांची वेल काढा. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने सुचवलं की अक्षर मोठं करा, गावात मोतीबिंदू फार आहेत. दोन्ही सल्ले मानल्यावर कागदावर तक्त्याला जागा उरली नाही. मग वेल काढून टाकली, आणि दोना कुस्तोदिया आठवडाभर जिन्यात बोलल्या नाहीत.

पुढची पायरी परवानगीची. गावातल्या फलकांवर कागद लावायचा तर ग्रामकचेरीचा शिक्का लागतो. तिथे दोन खिडक्या आहेत. एक उत्सवांसाठी, एक निदर्शनांसाठी, आणि दोन्हींमागे एकच बाई बसतात.

"हे काय आहे? उत्सव की निदर्शन?"

"दोन्ही आहे," अबिलियू म्हणाला. "हा तक्ता आहे."

"तक्त्याची खिडकी नाही." बाईंनी कागद वाचायला घेतला. "हे पक्षी मोजणं. यात जनावरं आली. पक्ष्यांचे मालक कोण?"

"मालक नाहीत. ते आपले येतात."

"आणि मालकाशिवाय गावच्या हद्दीत उतरतात?" बाईंनी चष्मा काढला. "मग जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागेल."

"तीनशे फ्लेमिंगोंचा?"

"एकाचाही चालेल. नमुना म्हणून."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. अबिलियूला मात्र त्या खिडकीपलीकडे आपलं गेलेलं तारुण्य दिसलं. चौतीस वर्षं तोही असाच चष्मा काढायचा. त्याने हळूच अर्ज मागून घेतला, 'जनावरे' या रकान्यात 'जाणारी-येणारी, मुक्कामी नव्हे' असं लिहिलं आणि पुढे केला. बाईंनी तो दोनदा वाचला. त्यांच्या नजरेत आदर आला. शिक्का बसला.

शिक्का घेऊन तो घरी येतो तो दारात झेफेरिनू आणि इरिया दोघंही उभे. त्यांनी म्हणे वाटेत समेट केला होता. झेफेरिनूने मोठ्या मनाने माघार घेतली होती. पक्षी वर राहू देत, पण त्याबदल्यात एक मेच्या मिरवणुकीत इरियाच्या शाळेतल्या पोरांनी युनियनचा झेंडा धरायचा. अबिलियूने टाय सैल केला आणि त्या दोन ओळी पाचव्यांदा बदलल्या. कार्यक्रमांची नावं बदलली, नावांखालच्या बारीक अक्षरातल्या सूचना बदलल्या. ठिकाणं बदलायची राहिली.

ही गोष्ट त्या घरात असलेल्या तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. शिक्का जुन्या कागदावर होता, तो नव्या कागदावर कसा आणायचा यावर तिघं वाद घालत होते.

तक्ता छापून आला. तीनशे प्रती. अबिलियूने त्या स्वतः लावल्या आणि मग पावाच्या दुकानापाशी बसची वाट बघत असल्यासारखा दोन तास उभा राहिला. लोक वाचतात कसे हे त्याला बघायचं होतं. बारा माणसं फलकासमोरून गेली. एक गृहस्थ थांबला, त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक पाहिला, खालची कोरी पट्टी फाडली आणि तिच्यावर कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेतला. दरम्यान तीन बस गेल्या, आणि तिसऱ्या बसच्या चालकाने अबिलियूला काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण कागद वाचला जात होता. लाँड्रीतल्या बायकांनी तो वाचला आणि ठिकाण पाहून त्या एकमेकींकडे बघून हसल्या. "निदर्शनं दलदलीत," फेलिझ्मिना म्हणाली. सव्वीस वर्षं चादरी मोजणारी ही बाई त्यांची म्होरकी होती. "झेफेरिनूची जुनी खोड." खोड खरीच होती. हुकूमशाहीच्या काळात पोरसवदा झेफेरिनू पोलिसांना चकवायला सभेची जागा ऐनवेळी बदलायचा. हुकूमशाही जाऊन पन्नास वर्षं झाली, पण जागा बदलायची सवय गेली नव्हती. मागच्या वर्षी त्याने स्वतःच्या वाढदिवसाचीही जागा बदलली होती. त्यामुळे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं तर तो बोट ओठांवर ठेवून निघून जायचा.

आणि आसपासच्या पाच गावांतल्या पक्षिमित्रांनीही तक्ता वाचला. 'पक्षिमोजणी, लाँड्रीचे फाटक.' बहुधा तिथून पुढे नेणार असतील, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी साडेनऊला अबिलियू पाव खात होता. देओलिंदा शीतकपाटावर लावलेला तक्ता वाचत होती. तीन आठवडे तो तिथे होता, पण तिने आजच चष्मा लावला होता.

"फ्लेमिंगो आता लाँड्रीत यायला लागले का?" तिने विचारलं.

"काहीतरीच."

"इथं लिहिलंय."

अबिलियू उठला. त्याने वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. मग कागद उतरवून खिडकीपाशी नेऊन वाचला, जणू काही उजेडात ठिकाणं आपापल्या जागी जाणार होती. चौतीस वर्षांत कधी न झालेली चूक कागदावर छापलेली होती, तीनशे प्रतींत. इरियाचा फोन बंद होता. पक्षी मोजताना ती तो बंदच ठेवायची. झेफेरिनू तत्त्व म्हणून फोन बाळगत नव्हता. देओलिंदाने आपल्या सायकलीची किल्ली पुढे केली. सायकल बायकी होती आणि पुढे फुलाफुलांची टोपली होती. अबिलियूने टोपलीत तक्त्याची फाईल टाकली आणि टाय उडवत तो लाँड्रीकडे निघाला, कारण लाँड्री जवळ होती.

फाटकासमोरचं दृश्य पाहून तो उतरलाच. चाळीसेक माणसं उभी होती. इरियाने सूचनेत लिहिलं होतं, 'गडद कपडे घालावेत, बोलू नये, वही आणावी.' सगळ्यांनी गडद कपडे घातले होते, कुणी बोलत नव्हतं आणि प्रत्येकाच्या हातात वही होती. गळ्यात दुर्बिणी होत्या, दोघातिघांनी तिपाईवर लांबलचक नळ्या मांडल्या होत्या, आणि त्या सगळ्यांचा रोख लाँड्रीच्या वरच्या मजल्याकडे होता. फ्लेमिंगो नव्हते, पण वळचणीखाली पाकोळ्यांची घरटी होती. आलोच आहोत तर तेवढी तरी मोजू, असा या लोकांचा विचार होता. रिकामं बसणं त्यांनाही जमत नसावं.

समोरच्या कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलाशी एक वर्तमानपत्र उभं होतं. त्याच्या वरच्या कडेला झेफेरिनूची टोपी होती.

"माझ्याकडे बघू नकोस," वर्तमानपत्र म्हणालं. "साध्या वेषातले पोलीस आहेत. चाळीस मोजले मी."

"अरे ते पक्षिमित्र आहेत."

"असंच सांगतात ते. चौर्‍याहत्तर सालीही एक जण मासे धरायला आलोय म्हणाला होता." वर्तमानपत्र थोडं खाली आलं. "माझ्या बायका कुठेयत? सगळ्यांना उचललं का?"

अबिलियू खुलासा करणार, इतक्यात फाटक उघडलं आणि लाँड्रीचे व्यवस्थापक बाहेर आले. ते पाव तास आपल्या खोलीच्या पडद्याआडून हे बघत होते. निदर्शनांची त्यांना सवय होती. निदर्शक ओरडतात, मग दमतात, मग जेवायला जातात. पण न ओरडता लिहिणारी माणसं त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिली होती. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि टाय बांधलेला, हातात फाईल असलेला एकुलता एक माणूस निवडला.

"सुप्रभात, डॉक्टरसाहेब," ते अबिलियूला म्हणाले. टाय दिसला की तिथे माणसाला डॉक्टरच म्हणतात. "आपण कुठल्या खात्याकडून?"

"नोंदणी," अबिलियू म्हणाला. जिभेला चौतीस वर्षांची सवय. 'निवृत्त' हा शब्दही मागोमाग येत होता, पण तो ओठांपर्यंत पोचायच्या आत व्यवस्थापकांनी कपाळावरचा घाम पुसला.

शेजारी लोकरी टोपीतल्या एक आजीबाई दुर्बिणीला डोळे लावून उभ्या होत्या. त्यांनी मान न वळवता पुटपुटल्यासारखं सांगितलं, "वरचा मजला, तिसरी खिडकी. सात आहेत. लिहा."

कुणी लिहा म्हटलं की अबिलियू लिहायचा. त्याने लिहिलं.

"किती दाटीवाटीने आहेत," आजीबाई पुढे म्हणाल्या. "वारा यायला फटसुद्धा नाही. जूनमध्ये छप्पर तापलं की काय होईल बिचाऱ्यांचं?"

वरच्या मजल्यावर तिसऱ्या खिडकीमागे इस्त्रीचं दालन होतं, आणि शनिवारच्या पाळीला तिथे साधारण तेवढ्याच बायका असायच्या. व्यवस्थापकांचा चेहरा त्यांच्या लाँड्रीतल्या चादरींसारखा झाला.

"पंखे मागवलेत," ते म्हणाले. "सोमवारी बसतील."

अबिलियूला आता सगळं समजलं होतं. इथे एक सभ्य माणूस म्हणून आपण काय करायला हवं, हेही समजलं होतं. गैरसमज दूर करायला हवा. त्याने तोंड उघडलं, आणि आतून निवृत्त अबिलियूच्या आधी जुना कारकून बोलून गेला.

"हे लेखी द्याल का?"

व्यवस्थापकांनी लेखी दिलं. चार पंखे, सोमवार, सही, तारीख. शिक्का नव्हता, अबिलियूने नुसतं सहीकडे पाहिलं आणि ते धावत आत जाऊन शिक्का घेऊन आले. आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, असं अबिलियू पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत राहिला. त्या क्षणी मात्र कागद फाईलमध्ये घालून तो सायकलीवर बसला, कारण अजून दलदल बाकी होती, आणि बायकांना दिलेली सूचना त्याला आठवत होती: 'ढोल, पातेली, झाकण्या, जे वाजेल ते आणावे.'

खाडीपर्यंतच्या तीन किलोमीटरांत त्याने माफीचं भाषण तयार केलं. सुरुवात 'इरिया, मी अक्षम्य' अशी होती आणि पुढे ते बिघडत जात होतं. ढोल ऐकू येत नव्हता. हे चांगलं लक्षण की वाईट, ते त्याला ठरवता येईना.

तिथे काय घडलं ते त्याला मागाहून कळलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना तीस बायका ढोल बडवत, झाकण्या आपटत बांधावरून आल्या होत्या. खाडीतला प्रत्येक फ्लेमिंगो एकदम उडाला. राजधानीच्या डॉक्टरांनी दुर्बीण खाली केली, वहीत शून्य लिहिलं आणि घड्याळ पाहिलं. इरिया चिखलातून पळत आली. ती ओरडेल असं बायकांना वाटलं होतं, पण ती रिकाम्या खाडीकडे बघत नुसतीच त्यांच्यासमोर उभी राहिली. मग फेलिझ्मिनाने विचारलं, "पोरी, हे परत येतात का?" इरिया म्हणाली, एक तास कुणी हललं-बोललं नाही तर येतात. "मग बसतो की तासभर," फेलिझ्मिना म्हणाली. "इस्त्रीच्या खोलीत उभ्या असतो, इथं बसायचं तर आहे. वारा पण आहे." आणि तीस बायका ढोल पदराखाली घेतल्यासारखे स्कर्टांखाली घेऊन चिखलात बसल्या.

अबिलियू पोचला तेव्हा ही रांग त्याला पाठमोरी दिसली. त्याने सायकल आडवी टाकली आणि "इरिया, मी—" इतकं म्हटलं. तीस डोकी वळली. तीस बोटं ओठांवर गेली. इरियाने हातानेच त्याला खाली बस म्हणून खुणावलं.

तो बसला. निवृत्तीला घेतलेल्या पँटीसकट बसला. माफी तयार होती आणि ती बोलून दाखवायला बंदी होती. चाळीस मिनिटं तो त्या भाषणाला मनातल्या मनात घोटत राहिला. पार्श्वभाग आधी गार झाला, मग बधिर झाला, आणि तेवढ्यात पलीकडच्या मिठागरांवरून एक गुलाबी रेघ आली. आधी दहाबारा, मग झुंडीच्या झुंडी. लांब पाय लोंबत ठेवून ते उतरू लागले. अबिलियूने आल्कोरेगात त्रेसष्ट वर्षं काढली होती, पण खाडीकडे तोंड करून कधी बसला नव्हता. भाषणातला पुढचा मुद्दा त्याला आठवेनासा झाला.

मोजणाऱ्या लोकांपैकी एकही जण तिथे नव्हता, हे इरियाच्या तेव्हा लक्षात आलं. ती, डॉक्टर आणि अर्धा किलोमीटर पसरलेले, एकसारखे हलणारे पक्षी.

"विसाविसाच्या गड्ड्यांनी मोजू का?" फेलिझ्मिना कुजबुजली. "आम्ही चादरी तशाच मोजतो. पट्ट्यावरून जाताना. थांबत नाहीत त्यासुद्धा."

बायकांनी खाडी वाटून घेतली. एकीची हद्द त्या खांबापर्यंत, दुसरीची तिथून बुडालेल्या नावेपर्यंत. दहा मिनिटांत बेरीज झाली: तीनशे बारा. डॉक्टरांची बेरीज दोनशे अठ्ठ्याण्णव भरली. ते मंद हसले आणि म्हणाले, सवय नसली की जास्तच मोजले जातात.

"चौदा नावेमागे आहेत," फेलिझ्मिना म्हणाली. "तुम्ही उभे आहात तिथून दिसत नाहीत."

डॉक्टर बूट बुडवत तिच्यापाशी आले आणि वाकून पाहिलं. मग त्यांनी वहीतला आकडा खोडला. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपल्याला इतके मोजणारे हात कुणी दिले नव्हते, असं त्यांनी इरियाला जाताना सांगितलं. ती रडत होती म्हणून तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

दुपारी मंडळाच्या अंगणात दोना कुस्तोदियांच्या गोगलगायींवर शंभराच्या वर माणसं होती. लाँड्रीच्या बायका चिखलाने माखलेल्या होत्या, पक्षिमित्र गडद कपड्यांतच होते, दोन्हीकडच्या हकिकती एकमेकांत मिसळत होत्या, आणि चार पंख्यांचा तो लेखी कागद टेबलाटेबलांवरून तेलकट होत फिरत होता. अबिलियू एका टोकाला बसला होता. देओलिंदाने त्याच्यासाठी दुसरी पँट आणली होती. समोरच्या वाटीला त्याने हात लावला नव्हता. सगळे जमलेत, आता उठायचं आणि कबूल करायचं, असं त्याने ठरवलं.

पण आधी झेफेरिनू उठला.

"बायांनो, मित्रांनो," तो म्हणाला, "आता सांगायला हरकत नाही. पहिल्यापासूनची योजना होती. शत्रू जिथे आपली वाट बघतो, तिथे आपण जायचं नाही. तिथे अशी माणसं पाठवायची की त्याला झोप लागू नये. मी स्वतः समोरच्या ठाण्यावरून सगळ्यावर लक्ष ठेवून होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकरी टोपीतल्या आजीबाईंनी त्याच्या गालाचा मुका घेतला.

अबिलियूच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सकाळपासून ज्या चुकीपायी तो मेल्याहून मेला झाला होता, ती चूक त्याच्या डोळ्यांदेखत दुसरा माणूस खिशात घालत होता. आणि हा दुसरा माणूस तेव्हा वर्तमानपत्रामागे होता.

"ही योजना नव्हती," तो उठून म्हणाला. "चूक होती. माझी."

अंगण त्याच्याकडे वळलं. मग हसलं.

"बसा हो, सेन्योर अबिलियू," दोना कुस्तोदिया प्रेमाने म्हणाल्या. वेलीचा राग त्या विसरल्या होत्या. "किती तो विनय. तुमच्या हातून चूक होते होय?"

"झाली. मी नावं बदलली, ठिकाणं बदलली नाहीत."

"ज्यांनी 'पाणथळ'मधला 'ळ' नीट दिसत नाही म्हणून मला सकाळी सातला फोन केला," इरिया म्हणाली, "ते ठिकाण चुकतील?" ती हसत होती, आणि तिच्या गालावरचा चिखल वाळून पडत होता.

अबिलियूने फाईल उघडली. पाचही कच्चे तक्ते तारीखवार लावलेले होते. सोमवारचा, बुधवारचा, शुक्रवारचा. त्याने ते टेबलावर मांडले आणि कुठे काय सरकलं, ते बोट ठेवून सिद्ध केलं. नोंदणी कचेरीत इतका निर्विवाद पुरावा वर्षातून एखादाच यायचा.

झेफेरिनूने कागद हातात घेतले, चष्मा लावून एकेक पाहिला आणि वर धरले.

"बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "कागदपत्रंसुद्धा कशी चोख बनवलीत. उद्या चौकशी झाली तरी चूकच वाटावी. हा माणूस तेव्हा आमच्याबरोबर असता तर क्रांती दोन वर्षं आधी झाली असती."

पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी अबिलियूसाठी. कुणीतरी त्याच्या पेल्यात वाइन ओतली. तो अजून एक मिनिट उभा राहिला, आणखी कोणता पुरावा असू शकतो याचा विचार केला, आणि खाली बसला.

घरी जाताना देओलिंदा सायकल ढकलत होती आणि तो बाजूने चालला होता.

"मला माहीत आहे तू चुकलास," ती म्हणाली.

"खरंच?"

"मीच नाही का दाखवली ती चूक सकाळी."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"गोगलगायी गार होत होत्या."

चढ लागला. अबिलियूने सायकल तिच्या हातातून घेतली.

"मोठी चूक होती ना?" त्याने विचारलं.

"खूपच मोठी," देओलिंदा म्हणाली. "अख्ख्या गावाला दोन तास चुकीच्या जागी उभं करायचं म्हणजे काय. तुमच्या कचेरीत कुणाला जमली नसती."

अबिलियूने टाय वर सरकवून नीट केला, आणि उरलेला चढ तो जरा ताठ मानेने चढला.